सव्वानऊची हजेरी

लुंबिनी मेश्राम मुलांना खोकल्यावरून ओळखायची. पाठमोरी बसून भिंतीवर कागदी फुलं चिकटवत असली आणि मागून कुणी खोकललं, की न वळता सांगायची, "याला आज घरी पाठवा, ही साधी ढास नाही." चौदा वर्षांत तिचा अंदाज दोनदा चुकला असेल, तोही पालकांच्या मते. अशी बाई. आणि तिच्याच वर्गातलं एक मूल एका सकाळी जवळजवळ तासभर वर्गात नव्हतं, आणि हिला पत्ता नव्हता. हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, कारण असल्या गोष्टी एका सकाळीत होत नाहीत.

ती मूळची पुलगावची. वडील डेपोत कारकून, आई घरी शिवणकाम करायची. लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हा नवरा सुगत एका मंत्रालयात साधा असिस्टंट होता, आणि सरकारी क्वार्टर मिळायला अजून बरीच वर्षं होती. द्वारकेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शेजारच्या गल्लीत एक प्लेस्कूल होती. तिचं हिंदी त्या वेळी असं होतं, की भाजीवालाही दोनदा विचारायचा, "क्या बोला मॅडम?" पण तीन वर्षांच्या पोरांना कुठलं आलंय व्याकरण! पोरं पहिल्याच आठवड्यात तिच्या मांडीवर चढून बसली आणि लुंबिनी तिथलीच झाली. पुढे मुलगी झाली, उन्नती. पुढे सुगतला लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं. सगळ्यांनी समजावलं, की आता ही शाळा सोड, शेजारच्या सरोजिनी नगरात प्लेस्कूल काय कमी आहेत? हिने ऐकलं नाही. सरोजिनी नगरहून मेट्रो, राजौरी गार्डनला गाडी बदलायची, पुढे ई-रिक्षा. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. का, तर म्हणे पोरं वाट बघतात.

तिची हजेरीची एक पद्धत होती. ती नावं पुकारत नसे. दाराशी खुर्ची टाकून बसायची, उजवा हात पुढे. एकेक मूल यायचं, तिच्या तळव्यावर आपला तळवा टेकवायचं, "आ गया मैं!" म्हणायचं आणि आत पळायचं. तेवढ्यात तिला सगळं कळायचं. कुणाला कणकण आहे, कोण रडून आलंय, कुणाला उपाशीच पाठवलंय. थंडगार हात आला तर ती दोन्ही हातांत धरून चोळायची. मग रजिस्टरवर खूण. बाकीच्या टीचर हसायच्या, "लुंबिनी मॅम का टोल नाका." हसू देत. त्या टोल नाक्यावरून चौदा वर्षांत एक मूल चुकून पुढे गेलं नव्हतं.

मग शाळा एका कंपनीने घेतली. भिंतींचे रंग बदलले, फी वाढली, आणि ॲप आलं. सकाळी सव्वानऊच्या आत हजेरी ॲपवर गेलीच पाहिजे. गेली की प्रत्येक आईबापाच्या फोनवर मेसेज: तुमचं मूल शाळेत सुखरूप पोचलं, आणि पुढे एक लाल बदाम. सव्वानऊ ओलांडले की सेंटर हेड रितू मॅमना कळायचं, आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये पडद्यावर तुमचं नाव झळकायचं. या ॲपमध्ये एक सोयीचं बटण होतं, 'सगळे हजर'. ते आधी दाबायचं आणि मग जे आले नाहीत त्यांच्या नावावरची खूण काढायची. ज्याने कुणी हे बटण बनवलं, त्याने तीन वर्षांच्या पोरांच्या वर्गात आयुष्यात दहा मिनिटं काढली नसणार.

जानेवारीत बाजूच्या वर्गाची टीचर नोकरी सोडून गेली. दोन्ही वर्ग एक केले. "बस एक महीने की बात है," रितू मॅम म्हणाल्या. लुंबिनीपुढे सत्तावीस मुलं आणि मदतीला एकटी कमलेश दीदी. कसला महिना नि कसलं काय!

फेब्रुवारीत एके सकाळी ती नेहमीसारखी दाराशी बसली होती. एका मुलीने तिच्या तळव्यावर आपला चिकट, गरम हात ठेवला आणि लुंबिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. किळस नव्हती ती. नुसतं वाटलं, की आता मला कुणी हात लावू नका. एकानेही लावू नका. नऊ हात कसेबसे झाले आणि ती उठली, बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने दाराशी खुर्ची टाकली नाही. कुणी विचारलंही नाही. दोन-तीन मुलं काही दिवस दारात हात पुढे करून थांबायची, मग तीही विसरली.

त्यानंतर ती वर्गात असायची, पण कशी, तर दुकानात टीव्ही चालू असतो तशी. गाणी म्हणायची, डबे उघडून द्यायची, नाकं पुसायची, फोटो काढायची. मुलांचा आवाज कानावर पडायचा, आत शिरायचा नाही. राजौरी गार्डनला गाडी बदलताना त्या लांबलचक जिन्यावर तिला रोज रडू यायचं. कारण विचाराल तर एकही नाही. डोळे पुसायचे आणि पुढची गाडी धरायची. घरी उन्नती चिडायची, "आई, यार, मी सेम गोष्ट तिसऱ्यांदा सांगतेय. तू ऐकतच नाहीस." एका डॉक्टरने बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या. सुगत म्हणाला, "अगं, मे महिन्याची सुट्टी आलीच की. तोवर कळ काढ." माणूस वाईट नाही, पण त्याच्या लेखी थकवा म्हणजे झोप झाली की जाणारी गोष्ट.

तिने रितू मॅमना तीनदा लिहून दिलं. दुसरी टीचर द्या. माझी तब्येत ठीक नाही. माझं वर्गात लक्ष राहत नाही, मला पंधरा दिवस रजा द्या. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. काय आलं, तर वेबिनार! शनिवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, दोन तास, विषय 'शिक्षकांचं मानसिक आरोग्य', कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं. एका हसऱ्या बाईंनी सगळ्यांना डोळे मिटून समुद्रकिनारा बघायला सांगितला. लुंबिनीने डोळे मिटले आणि बसल्या जागी झोपली. सोमवारी त्यावरूनही बोलणी खाल्ली.

आता त्या सकाळीकडे येऊ. मे महिन्याचा पहिला आठवडा, सुट्टीला पाच दिवस उरलेले, आणि शाळेत 'मँगो डे'. सगळ्या मुलांनी पिवळे कपडे घालून यायचं, डोक्यावर आंब्याचा कागदी मुकुट, हातात आंबा, आणि प्रत्येकाचा हसरा फोटो दहाच्या आत पालकांना. रितू मॅमनी सकाळी आठलाच कमलेश दीदीला हॉलमध्ये फुगे फुगवायला बसवलं. एरवी व्हॅनमधून मुलं उतरवून घ्यायचं काम कमलेश दीदीचं. ती एकेकाला कडेवर घेऊन खाली उतरवायची, शेवटी व्हॅनमध्ये डोकं घालून सीटखालीही बघायची. त्या दिवशी गेटवरच्या गार्डने नुसतं दार सरकवलं.

व्हॅनवाला सतबीर, पालमचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या व्हॅनमध्ये सात मुलं. सगळ्यात धाकटा आर्यन, साडेतीन वर्षांचा. आर्यनची आई सुरुची नाशिकची. नवरा प्रसन्न नोकरीसाठी बंगळुरूला, ही गुरुग्रामला एका कंपनीत, मूल सांभाळायला इथे कुणी नाही. शाळा शोधताना लुंबिनीच्या तोंडून मराठी ऐकलं आणि बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ताई, तुम्ही आहात ना, मग मला दुसरं काही बघायचंच नाही," असं म्हणून तिने तिथल्या तिथे फॉर्म भरला होता.

नऊ वाजून चौदा मिनिटं. वर्गात पिवळंच पिवळं. कुणाचा बूट हरवला होता, कुणी आंबा चावला होता, एकजण रडत होता, दोघं त्याला बघून रडत होती. लुंबिनीने फोन काढला, 'सगळे हजर' दाबलं, वर मान करून वर्गावर एक नजर टाकली. नजर टाकली म्हणायचं एवढंच. एक मुलगी दोन दिवस तापाने घरी होती, तिच्या नावावरची खूण काढली, आणि पाठवून दिलं. सव्वीस आईबापांच्या फोनवर लाल बदाम पोचले.

दहाला आठ मिनिटं कमी असताना तिने फोटोंसाठी मुलांना ओळीत बसवलं. शाळेत बनवलेल्या मुकुटांवर नावं घालून ठेवली होती. एकेक नाव वाचायचं, डोक्यावर ठेवायचं, फोटो काढायचा. तापाने घरी असलेल्या मुलीचा मुकुट बाजूला ठेवला होता, तरी शेवटी हातात एक मुकुट उरला. तिने नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "आर्यन?" तिने हाक मारली. "आर्यन कुठेय? आर्यन किधर है?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक मुलगा म्हणाला, "वो तो आया ही नहीं, मॅम."

तिने बाथरूम बघितलं, पडद्यामागे बघितलं, खेळण्यांच्या कपाटात बघितलं. हॉलमध्ये धावली. "दीदी, आर्यन को देखा?" कमलेश दीदीच्या तोंडात फुगा होता, तिने नुसती मान हलवली, नाही. घसरगुंडी, मागचं अंगण, पाण्याची टाकी. टाकीचं झाकण बंद होतं. तरी तिने ते उचलून आत बघितलं.

रितू मॅम केबिनमधून बाहेर आल्या. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "आवाज नीचे. पहले सीसीटीवी देख लेते हैं. पेरेंट को अभी कुछ मत बोलना. हो सकता है, घर पे ही हो."

"मॅम, हाजिरी लगी है उसकी."

"किसने लगाई?"

रितू मॅमनी तिच्याकडे बघितलं आणि त्या काय ते समजल्या. "पहले कैमरा," त्या पुन्हा म्हणाल्या. "पंद्रह मिनट. फिर सोचेंगे क्या बोलना है."

पंधरा मिनिटं! बाहेर दहा वाजायच्या आतच ऊन भाजत होतं. रितू मॅम कॅमेऱ्याचा पासवर्ड शोधत होत्या आणि लुंबिनी फोन हातात घेऊन उभी होती. फोन लावला की तिचं सगळं उघडं पडणार. चौदा वर्षं, नोकरी, लोकांनी ठेवलेला मान, सगळं. आणि नाही लावला तर? तिने त्यापुढचा विचार केला नाही. ती भिंतीला टेकली आणि सुरुचीचा नंबर लावला. रिंग जाऊन जाऊन बंद झाली. पुन्हा लावला.

"हां ताई, मीटिंगमध्ये आहे, पटकन बोला."

"सुरुची, आज आर्यनला व्हॅनमध्ये तू बसवलंस?"

"हो, मीच. का? झोपेतच होता, मागच्या सीटवर आडवा केला मी त्याला. का, ताई?"

"तो शाळेत नाहीये."

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आणि सुरुचीची किंकाळी. तिने फोन कधी कापला ते लुंबिनीला कळलं नाही. मग हिने सतबीरला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. म्हणजे सुरुचीच त्याला लावत असणार. "कैमरा खुल गया," आतून रितू मॅम ओरडल्या. लुंबिनी आत गेली नाही. ती गेटबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली, आणि कुठल्या दिशेने पळायचं ते न कळून तिथेच गोल फिरत राहिली. मनात एकच चाललं होतं: पोर उन्हात असू नये, पोर उन्हात असू नये.

अकरा मिनिटांनी सतबीरचा फोन आला. तो रडत होता. व्हॅन त्याने घराजवळच्या गल्लीत कडुलिंबाखाली लावली होती, एक काच चार बोटं उघडी होती, आणि स्वतः घरी जेवायला बसला होता. पोर मागच्या सीटखाली दप्तरांच्या मागे घरंगळलं होतं. "मॅडम जी, साँस चल रही है. आँख नहीं खोल रहा. मैं अस्पताल जा रहा हूँ, आप माँ को भेजो, जल्दी भेजो."

आर्यन वाचला. दुपारपर्यंत त्याने डोळे उघडले, पाणी मागितलं, आईला ओळखलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. लुंबिनी हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर बसून होती. आत जायची हिंमत झाली नाही. बातमी कळली तेव्हा ती इतकी ढसाढसा रडली, की येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

आता तुम्हाला वाटेल, पुढे तिला शिव्या पडल्या असतील. उलटंच झालं! संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर तिच्या नावाचा गजर. लुंबिनी मॅममुळे पोर वाचलं. मॅमच्या लक्षात आलं, मॅमनी तडक फोन केला, अशा टीचर आजकाल मिळतात कुठे! कुणी तिचा जुना फोटो टाकला, खाली हात जोडल्याची चित्रं. सतबीरला पोलीस चौकीत बसवून ठेवलं होतं. त्याच्याबद्दल जे लिहिलं जात होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि सव्वानऊचा मेसेज? त्याबद्दल रितू मॅमनी ग्रुपवर एका ओळीत खुलासा केला: ॲपमध्ये तांत्रिक बिघाड होता.

घरी सुगतने तिच्यासाठी चहा केला. उन्नती गळ्यात पडली, "आई, माझ्या फ्रेंड्सना पण कळलं. प्राउड ऑफ यू." लुंबिनीने तिचे हात हळूच सोडवले आणि आतल्या खोलीत जाऊन पडून राहिली. पोरीला वाटलं, आई दमलीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी रितू मॅम तिला घेऊन सुरुचीच्या घरी गेल्या. बरोबर फळांची टोपली आणि पिशवीत एक टाइप केलेला कागद. गाडीत त्यांनी तो लुंबिनीला वाचायला दिला. ड्रायव्हरने मुलाला व्हॅनमधून उतरवलं नाही. शिक्षिकेने हजेरी घेताना ते मूल आलं नसल्याचं ओळखलं व तत्काळ पालकांना कळवलं. खाली दोन सह्या, शिक्षिकेची आणि आईची. "पुलिस में देना है," रितू मॅम म्हणाल्या. "तुम्हारे लिए भी अच्छा है, लुंबिनी. जून से तुम्हें कोऑर्डिनेटर बना रहे हैं. क्लास नहीं लेनी पड़ेगी. तुम यही तो चाहती थीं."

खरंच, हेच तर हवं होतं तिला. वर्ग नको, पोरं नकोत, हात नकोत. एक सही केली की सुटका. तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण पूर्ण एक मिनिट तिला ते पटलं होतं.

सुरुचीने दार उघडलं आणि काही न बोलता तिला घट्ट मिठी मारली. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते. प्रसन्न रात्रीच्या विमानाने आला होता. आतल्या खोलीत आर्यनच्या शेजारी पडून त्याला काहीतरी वाचून दाखवत होता. आर्यनचा बारीक आवाज बाहेर येत होता. "ताई, तुम्ही फोन नसता केलात तर," सुरुची म्हणाली आणि तिने आतल्या खोलीकडे बघितलं. तिने कागद घेतला, पुरता वाचलाही नाही, टेबलावर ठेवून सही केली. "त्या माणसाला मी सोडणार नाही. प्रसन्न म्हणतोय, चांगला वकील बघू. त्याला आत टाकायचं म्हणजे टाकायचंच." आणि पेन लुंबिनीपुढे धरलं.

लुंबिनीने पेन घेतलं नाही.

"सुरुची, तुला सव्वानऊला मेसेज आला होता."

"हो, ते ॲपचं काहीतरी बिघडलं होतं ना?"

"लुंबिनी," रितू मॅम म्हणाल्या. भाषा कळत नव्हती, पण रोख कळला होता. "हिंदी में बोलिए प्लीज़. और सोच के बोलिए."

"काही बिघडलं नव्हतं," लुंबिनी मराठीतच बोलत राहिली. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "तो मेसेज मी पाठवला. न बघता. मुलं मोजली नाहीत, तोंडं बघितली नाहीत. सगळे हजर म्हणून बटण दाबलं आणि मोकळी झाले. सतबीरची चूक आहेच. पण मी त्या वेळी बघितलं असतं, तर साडेनऊच्या आत तुझं पोर सापडलं असतं. ते तिथे तासभर पडलं ते माझ्यामुळे."

सुरुची तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. "मी तो मेसेज बघते आणि फोन पालथा घालते," ती सावकाश म्हणाली. "रोज. तो आला की मगच कामाला लागते. कालही तेच केलं." मग तिने विचारलं, "कालच? की रोज असंच?"

"फेब्रुवारीपासून."

"फेब्रुवारीपासून तुम्ही पोरांकडे बघत नाही? आणि हे कुणालाच कळलं नाही?"

"मी सांगितलं होतं. तीनदा लिहून दिलं होतं." लुंबिनीने रितू मॅमकडे बोट केलं नाही, पण सुरुचीची नजर आपोआप तिकडे गेली. रितू मॅमनी टोपलीवरचा प्लास्टिकचा कागद नीट करायला घेतला.

"मला का नाही सांगितलंत?" सुरुचीचा आवाज आता चढला. "मी तुम्हाला ताई म्हणते! शाळेला नाही, तुम्हाला बघून दिलं होतं मी माझं पोर!"

"काय सांगणार होते तुला?" लुंबिनीही ओरडली, आणि आपण ओरडतोय याचं तिलाच आश्चर्य वाटलं. "तुझा मुलगा धावत येऊन पायाला मिठी मारतो आणि मला त्याला ढकलून द्यावंसं वाटतं, हे सांगू? तू डब्यात काय दिलंस, तो काय म्हणाला, काहीच माझ्या लक्षात राहत नाही, हे सांगू? मला ती आवडायची गं सगळी. आता एकही आवडत नाही. हे कोणत्या तोंडाने सांगायचं असतं आईला?"

"ह्याच तोंडाने," सुरुची म्हणाली. "असंच सांगायचं होतंत. मी शिव्या दिल्या असत्या. पण मी तो मेसेज खरा धरला नसता."

आतून प्रसन्न दारात येऊन उभा राहिला होता. सुरुचीने टेबलावरचा कागद उचलला, स्वतःच्या सहीवरून उभी-आडवी पेनाने रेघ मारली आणि रितू मॅमच्या हातात दिला. "मैं चौकी जाकर खुद बोलूँगी. सतबीर का भी, आपके ऐप का भी, इनका भी. आप निकलिए."

मग ती लुंबिनीकडे वळली. "तुम्हाला मी माफ केलंय असं समजू नका. मला नाही जमणार. काल रात्री मी तुमच्या नावाने बुद्धवंदना लावली होती ताई, यूट्यूबवर शोधून, मला नीट येतही नाही." तिचा आवाज फुटला. "तुम्ही जा. आणि पोरांसमोर उभ्या राहू नका आता. माझ्याच नाही, कुणाच्याच. बऱ्या होईपर्यंत तरी."

लुंबिनीने मान हलवली. सुरुचीचं बोलणं तिला लागलं, खोलवर लागलं, पण इतक्या महिन्यांत 'बऱ्या होईपर्यंत' हे शब्द तिच्यासाठी कुणी वापरले नव्हते. ती जिन्याने खाली आली. रितू मॅमची गाडी गेटमधून निघून गेली होती. सोसायटीच्या गेटवर गार्ड होता. त्याने तिचा चेहरा बघितला आणि न विचारता आपली खुर्ची पुढे सरकवली. तिने फोन काढून सुगतला लावला.

"हां बोल. मीटिंगला चाललोय. झाली का भेट?"

"अहो," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. पुन्हा म्हणाली, "अहो, मी बरी नाहीये."

"काय झालं? ऊन लागलं का?"

"नाही. ऊन नाही. मी केव्हाची बरी नाहीये. तुम्ही न्यायला या मला."

पलीकडे फायली ठेवल्याचा आवाज आला, कुणाला तरी "सर, मैं निकल रहा हूँ" म्हटलेलं ऐकू आलं, आणि त्याने विचारलं, "कुठल्या गेटला आहेस?"

तिने मान वर करून गेटवरची पाटी वाचून सांगितली.